काचमावशीची साक्ष

पडद्याची दांडी माणसाच्या हातात देण्यापूर्वी त्याची परीक्षा घ्यायला हवी, असं माझं आता ठाम मत झालं आहे. त्या बुधवारी साडेसात फुटांची पितळी दांडी खांद्यावर टाकून मी आमच्या इमारतीचा जिना चढत होतो. पुढच्या टोकावर माझं पुरेपूर लक्ष होतं. मागच्या टोकाला स्वतःचं वेगळं आयुष्य असतं, हे शाळेत शास्त्र शिकवत असूनही माझ्या ध्यानात आलं नव्हतं. पहिल्या मजल्याच्या कठड्याशी पोचलो आणि वरून बायकोचा आवाज आला, "अहो, भिंतीला सांभाळून!"

बायको काही सांगत असली की तिच्याकडे पूर्ण वळून ऐकायचं, ही सवय मी लग्नाच्या पहिल्याच वर्षी अंगी बाणवली. तीच नडली. मी वळलो, दांडीही वळली आणि मागे फक्त 'टिक' असा आवाज झाला. कुणी पेन्सिलीचं टोक मोडावं, तेवढाच.

पण तो आवाज काचेचा होता. मी सगळ्या इमारतीची साक्ष फोडली होती.

आमचं गाव जुन्या खाणींवर वसलेलं. खाणी बंद पडल्या, त्यांत पाणी भरलं आणि गाव हळूहळू, कुणाच्या लक्षात येणार नाही अशा बेतानं, खाली बसायला लागलं. आदळआपट, धूळ, किंकाळ्या असलं काही नाही. फक्त सकाळी उठून पाहावं तर दार आपोआप उघडलेलं. टेबलावर पेन्सिल ठेवली की ती विचार केल्यासारखी क्षणभर थांबायची आणि मग खिडकीकडे चालू लागायची. कपातला चहा एका बाजूला जरा जास्त भरलेला दिसायचा. मुलांचा चेंडू कधी कुठल्या दिशेनं जाईल याचा नेम नव्हता, आणि माणसंही नकळत थोडी तिरकी चालायला लागली होती. पहाटे खाणींच्या जुन्या तोंडांतून धुकं वर यायचं, गल्ल्या गुडघाभर भरून जायच्या, आणि मग आपण गावात राहतो की गावाच्या स्वप्नात, हे चष्मा पुसूनही कळायचं नाही.

अशा गावात कुठलं घर राहण्याजोगं आणि कुठलं नाही, हे ठरवायला नगरपालिकेनं एक साधी युक्ती काढली होती. भिंतीला तडा गेला की त्या तड्यावर आडवी, बोटभर रुंदीची काचेची पट्टी दोन्ही बाजूंना प्लास्टरनं पक्की बसवायची आणि खाली तारीख लिहायची. भिंत केसभर जरी हलली तरी काच तुटते. चाळीस दिवस काच अख्खी राहिली तर घर राहण्याजोगं. तुटली तर सामान आवरा आणि टेकडीवरच्या पत्र्याच्या शेडमध्ये चला. कागदोपत्री तिचं नाव 'निरीक्षण पट्टी' होतं. आम्ही सगळे तिला 'साक्ष' म्हणायचो. आणि गावभर या साक्षी बसवण्याचं आणि दर शनिवारी त्या तपासण्याचं काम होतं आमच्याच इमारतीत तळमजल्यावर राहणाऱ्या काचमावशीकडे.

मावशी पासष्टीची. खिडक्यांना काचा बसवणं हा तिच्या वडिलांचा धंदा, आणि भाऊ कारकून झाल्यामुळे तो तिच्याकडे आला. अंगानं किरकोळ, पण चार फुटी काच एकटी उचलायची. दोन्ही हातांना जाड कातडी मोजे, कानामागे पेन्सिल, कमरेला हिरकणीची पिशवी. हिरकणी म्हणजे काच कापायचं अवजार. ती काचेवरून ओढली की जो बारीक आवाज व्हायचा, त्यानं माझे दात आंबायचे आणि मावशीचा चेहरा खुलायचा. तिची काचा न्यायची हातगाडी होती, उभ्या तिरक्या चौकटीची. मोठी काच चढवून ती गल्लीतून निघाली की कमरेइतक्या उंचीवरून आभाळाचा एक तुकडा ढगांसकट जाताना दिसायचा. मी खिडकीतून कितीदा पाहिलंय. पाखरं त्याला फसायची. माझं म्हणाल, तर मी फसण्यासाठीच खिडकीत उभा राहायचो.

सकाळी गाडी बाहेर काढताना मावशी प्रार्थना करायची, तीही मोठ्यानं, कारण मुकादमांना ऐकू कमी यायचं आणि त्यांनी 'आमेन' म्हटल्याशिवाय ती निघत नसे. मुकादम म्हणजे तिचे यजमान. तीस वर्षं खाणीत काम केलं आणि छातीत खाणीची धूळ घेऊन घरी परतले, ते कॉटवरच. प्रार्थना कसली, सकाळच्या कामाची वाटणीच म्हणा ना: "प्रभू येशू, आज अकरा घरं आहेत. मी काचा बघते, तू माणसं बघ. बेकरीवाल्याची सून अवघडलीय, तिच्याकडे आधी जा." आतून खोकल्यासकट 'आमेन' यायचं, आणि गाडीची चाकं वाजायला लागायची.

लोक तिच्या मागे लागायचे, "मावशी, एकदा म्हण ना, काही होणार नाही म्हणून!" मावशी हे कधी म्हणाली नाही. "मला माहीत नाही. काच सांगेल," एवढंच. स्वतःच्या चर्चमध्ये तिनं साक्ष बसवली आणि नवव्या दिवशी ती तुटलेली दिसली, तेव्हा नगरपालिकेच्या ओव्हरसियरच्या कचेरीत जाऊन तिनंच सांगितलं. चर्चला टाळं लागलं. मंडळी चिडली. कुणी म्हणालं, बाईनं आपल्या हातानं देवाला बाहेर काढलं. मावशी म्हणाली, "देव कुठं आत अडकला होता?" तेव्हापासून त्यांची उपासना फुटबॉलच्या मैदानावर, प्रेक्षकांच्या शेडमध्ये व्हायची. पाळकसाहेब गोलपोस्टकडे पाठ करून उभे राहायचे आणि त्यांच्या डोक्यावर कुठल्याशा जुन्या सामन्याचा फलक होता, दोन विरुद्ध शून्य. कोण जिंकलं होतं ते कुणाला आठवत नव्हतं. गाणी मात्र पूर्वीपेक्षा जोरात व्हायची, कारण आता भिंती अडवायला नव्हत्या.

तर अशा बाईची साक्ष मी फोडली. एकतिसाव्या दिवशी. नऊ दिवस उरले होते.

शहाण्या माणसानं सरळ खाली जाऊन सांगितलं असतं. मी तसा निघालोही. पण तळमजल्यावरच्या दारातून मुकादमांचा खोकला ऐकू आला आणि पाय अडकला. गेल्याच आठवड्यात डॉक्टर म्हणाले होते, यांना हलवू नका, हलवलंत तर मी कसली खात्री देत नाही. साक्ष तुटली म्हणजे इमारत रिकामी होणार. इमारत रिकामी म्हणजे मुकादमांना टेकडीवर न्यायचं. आणि हे सगळं पडद्याच्या दांडीपायी. माझ्या मनात दया होती असं मी इतकी वर्षं सांगत आलो आहे. दयेच्या दुप्पट भीती होती, हे इथं लिहून टाकतो.

माझ्या शाळेच्या प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायच्या काचपट्ट्या असतात. रुंदीला अगदी तेवढ्याच. त्यांतल्या दोन जोडून, त्याच दुपारी सगळे कामावर असताना, मी नवी साक्ष बसवली. तारीख मावशीच्या अक्षरात लिहिली. आणि इथं माझ्यातला शास्त्रज्ञ जागा झाला. प्लास्टर वरवर, दिसण्यापुरतं लावलं. खाली लावलं सायकलच्या पंक्चरचं सोल्यूशन. ते वाळलं तरी रबरासारखं ताणतं. म्हणजे उरलेल्या नऊ दिवसांत भिंत थोडीफार हललीच, तरी काच काही तुटायची नाही! मी दोन पावलं मागे सरकून पाहिलं आणि मला चक्क अभिमान वाटला. गावातली पहिली न तुटणारी साक्ष.

शनिवारी सकाळी मावशी जिना चढून आली. मी कठड्याशी बुटाची नाडी बांधत होतो. तीच नाडी मी पाऊण तास बांधत होतो.

मावशीनं काचेजवळ तोंड नेलं. मग खिशातला छोटा टॉर्च काढून कडेला लावला.

"मास्तर, तुझे डोळे चांगले आहेत. या काचेची कड कुठल्या रंगाची दिसते?"

"पांढरी," मी म्हणालो.

"माझ्या काचेची कड हिरवी असते."

मी नाडीत परत डोकं घातलं. मावशीनं नखानं काचेवर टिचकी मारली. पक्क्या बसलेल्या काचेचा आवाज टणत्कारी असतो. ही काच ओल्या उशीवर बोट आपटावं तशी 'थप' वाजली. मग तिनं अंगठा दाबला आणि काच आज्ञाधारकपणे थोडी आत गेली. अंगठा काढला, ती परत आली.

मावशी पायरीवर बसली. कातडी मोजे काढले, मांडीवर एकावर एक ठेवले, उचलले, पुन्हा ठेवले. मला वाटलं ओरडेल, सगळ्यांना बोलावेल. ती नुसती खाली, स्वतःच्या दाराकडे बघत बसली होती. सहाच दिवस राहिले होते. गावात ती काच वाचणारं दुसरं कुणी नव्हतं. ती उठून वहीत 'अख्खी' असं लिहून खाली गेली असती, तर मुकादम आपल्या कॉटवर, आपल्या खिडकीशी राहिले असते आणि बारा बिऱ्हाडं तिला दुवा देत बसली असती. हे मला जितकं स्पष्ट दिसत होतं तितकंच तिलाही दिसत होतं. तिच्या ओठांची हालचाल चालू होती. घरांची संख्या नव्हती ती. यावेळी ती काहीतरी मागत होती, आणि ज्याच्याकडे मागत होती तो लवकर उत्तर देत नसावा.

मग ती उठली आणि खाली गेली. मी नाडी तशीच सोडून मागोमाग गेलो.

मुकादम कॉटवर टेकून बसले होते. मला बघून म्हणाले, "या मास्तर! चेहरा असा का? पोरं पास झाली की काय सगळी?"

"काच मी फोडली," मी म्हणालो. "पडद्याच्या दांडीनं. बुधवारी. आणि ती दुसरी मीच लावली."

"खाली काय लावलंस?" मावशीनं विचारलं.

"पंक्चरचं सोल्यूशन."

मुकादम हसायला लागले. हसता हसता खोकला आला, खोकता खोकता डोळ्यांत पाणी आलं. "अगं, ऐकलंस का? मास्तरांनी इमारतीचं पंक्चर काढलं!"

मावशी हसली नाही. "म्हणजे बुधवारपासून भिंत काय करतेय, ते कुणालाच ठाऊक नाही."

"पण मावशी, भिंतीनं काही केलेलं नाही! सगळं मी केलं! सहा दिवस राहिलेत. कशाला कुणाला सांगायचं? काकांना हलवायचं नाही म्हणालेत ना डॉक्टर? देवालासुद्धा कळेल हो."

"त्याला कळेल. त्याला सगळंच कळतं, तोच तर प्रश्न आहे." ती कपाटातून वही काढत होती. "मास्तर, वरच्या मजल्यावर सहा पोरं झोपतात. त्यांच्या आया रात्री कशाच्या जिवावर दिवा मालवतात? मी 'अख्खी' म्हणते म्हणून. न तुटणारी काच लावायची तर भिंतीला रंगच लावावा की, तो दिसायला तरी बरा."

"भरवसा असा ठेवायचा का भिंतीवर..." मी काहीतरी तत्त्वज्ञान सुरू केलं.

"भिंतीवर कुणी ठेवलाय?" ती म्हणाली. "भिंतीवर भरवसा असता तर मी तिच्यावर काच कशाला लावली असती? भरवसा आहे तो ज्याच्यावर आहे त्याच्यावर आहे. म्हणून तर काच तुटलेली दिसली तरी मला बघवते."

मुकादमांनी डोळे पुसले. "कधी निघायचं?" एवढंच त्यांनी बायकोला विचारलं. सहलीला कधी निघायचं, असं.

"सोमवारी. पहाटे."

"मावशी, रागावलात माझ्यावर?" मी दारातून विचारलं.

"हो. उद्याही असेन. दार लावून घे."

ओव्हरसियरनं माझा कबुलीजबाब ऐकून चष्मा कपाळावर सरकवला. म्हणाला, "मास्तर, तुम्ही फोडली हे तुम्ही सांगता. भिंतीला बोलता आलं असतं तर तीही तुमच्याच माथी मारून मोकळी झाली असती." नियम सरळ होता. साक्ष खंडित, तर नवी काच लावून मोजणी पहिल्यापासून, आणि चाळीस दिवस पुरे होईपर्यंत इमारत रिकामी. शेजाऱ्यांनी मला काय काय म्हटलं ते इथं छापण्याजोगं नाही. बायकोला मी घाबरत घाबरत सांगितलं, तर ती म्हणाली, "मला बुधवारीच कळलं होतं. भुवईला प्लास्टर लागलं होतं तुमच्या. म्हटलं, बघू किती दिवस टिकतंय."

सोमवारी पहाटे मावशीनं हातगाडीची एक चौकट काढली, गादी घातली, खाली पेंढा भरला. मोठी काच न्यायच्या वेळी भरायची तसाच, न दाबता, हलक्या हातानं. मुकादमांना आम्ही दोघांनी उचलून ठेवलं. ते मला दप्तराएवढे हलके वाटले. तिनं त्यांना लोकरी पट्ट्यांनी बांधलं, प्रत्येक गाठ दोनदा तपासली.

"बाजूला 'नाजूक माल' असं लिही," मुकादम म्हणाले.

"'जुना माल' लिहिते. बदलून मिळणार नाही," मावशी म्हणाली, आणि आम्ही निघालो.

धुकं इतकं दाट होतं की गाडीची चाकं दिसत नव्हती. मुकादम आपले गादीसकट तरंगत चालले होते. मी पुढून ओढत होतो, मावशी मागून धरत होती, आणि रस्ता कधी या बाजूला कलत होता, कधी त्या. दिव्याचे खांब एकमेकांच्या कानात काही सांगत असल्यासारखे वाकले होते. बंद घरांच्या खिडक्यांत मावशीनंच बसवलेल्या काचा होत्या, आणि त्या सगळ्यांतून आमची एकेक फिकट गाडी आमच्या बरोबरीनं चालत होती.

मुकादम डोळे मिटून होते, पण त्यांना सगळं दिसत होतं. वरचं नाही, खालचं.

"हळू. इथं खाली तीन नंबरची वाट. उंची कमी, डोकं सांभाळा," ते म्हणाले, आणि आश्चर्य म्हणजे मी खरंच मान खाली घातली. बेकरीपाशी म्हणाले, "इथं जेवायला बसायचो आम्ही. बेकरीच्या बरोब्बर खाली. वरून भाजल्या पावाचा वास यायचा असं मी सांगायचो, कुणाचा विश्वास बसायचा नाही." पोस्टाच्या चौकात त्यांनी गाडी थांबवायला लावली. "इथं आता पाणी असेल. माझा एक बूट आहे त्यात. डावा."

"आठवण काढायला दुसरं काही नाही मिळालं?" मावशी मागून म्हणाली.

"चांगला होता गं."

चढ सुरू झाला तसा त्यांचा श्वास फुलायला लागला. आम्ही थांबलो. मावशीनं त्यांच्या छातीवर हात ठेवला. काच पक्की बसली का हे बघताना ठेवते तसाच, बोटं पसरून.

"भीती वाटते का?" तिनं विचारलं.

"तीस वर्षं रोज दोराच्या पिंजऱ्यात बसून खाली गेलो," मुकादम थांबत थांबत म्हणाले, "आणि रोज वर आलो. खाली किती काळोख आहे याची काळजी नसते गं. वर दोर ओढणारा माणूस कोण आहे, तेवढं विचारायचं असतं." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "आमचा ओळखीचा आहे, मास्तर. एकदा आणखी खाली जायचं, एवढंच."

धुकं आमच्या खाली राहिलं होतं. त्यातून चर्चचा कळस आणि पाण्याची टाकी तेवढी वर निघाली होती, तीही जराशी तिरकी.

टेकडीवरच्या शेडमध्ये आमची बिऱ्हाडं चादरींच्या भिंती करून राहिली. या भिंतींना तडे जात नसत, त्यामुळे मावशीला घरात काम नव्हतं. मुकादमांची कॉट दाराशी, उन्हात होती. आल्यागेल्या प्रत्येकाला ते माझं पंक्चर सांगायचे, आणि दरवेळी त्यात भर पडायची. शेवटी शेवटी तर मी इमारतीला हवासुद्धा भरली होती. पहिल्या आठवड्यात त्यांना बरं वाटलं. मी मनातल्या मनात देवाचे आभारही मानायला लागलो. इतके दिवस त्याच्याशी माझं बोलणं पोरांच्या परीक्षेपुरतंच होतं. दुसऱ्या आठवड्यात ताप आला. मावशी रोज सकाळी गाडी घेऊन गावात उतरायची. मी शिडी धरायला बरोबर जायचो. ती रस्त्यात मोठ्यानं मागायची, "प्रभू, त्यांना घरी परत ने. आमच्या घरी म्हणतेय मी, तुझ्या नाही. तुझी इच्छा असेल ते कर, पण मी माझं सांगितलं."

तेविसाव्या दिवशी दुपारी मुकादम उन्हात बसल्या बसल्या गेले. मावशी त्यांची नखं कापत होती. उजव्या हाताची झाली होती. "आता डावा द्या," ती म्हणाली, आणि त्यांनी दिला नाही.

तिनं तो हात स्वतः उचलून मांडीवर घेतला आणि उरलेली पाच नखं कापली. मग मला हाक मारली.

डॉक्टर म्हणाले, खाली घरी असते तरी महिन्या-दोन महिन्यांचाच प्रश्न होता. डॉक्टरांनी हे माझ्याकडे बघून सांगितलं, त्यामुळे त्यात वैद्यक किती आणि दया किती, ते मला आजवर कळलेलं नाही. मुकादमांना टेकडीवरच, न हलणाऱ्या जमिनीत ठेवलं. फुटबॉलच्या शेडमधली सगळी मंडळी चढून आली होती. मावशी गायली. तिचा आवाज मुळात बरा नाही. त्या दिवशी तो मध्येच तुटला, पुढच्या ओळीला परत आला, पुन्हा तुटला. थांबली मात्र नाही. दोन दिवसांनी ती कामावर आली आणि बेकरीच्या खिडकीची काच अर्धा इंच कमी कापली. इतक्या वर्षांत असं झालं नव्हतं. तो तुकडा उजेडात धरून ती कितीतरी वेळ बघत राहिली. "डोळ्यांत पाणी असलं की मोजपट्टी खोटी दिसते," म्हणाली, आणि दुसरी काच काढली. बेकरीवाल्याच्या सुनेला मुलगी झाली होती. खिडकी तिच्याच खोलीची होती.

चाळिसाव्या दिवशी सकाळी आम्ही तिघं आमच्या जिन्यात उभे होतो: मावशी, ओव्हरसियर आणि मी. मावशीनं टॉर्च लावला. कड हिरवी. टिचकी मारली. टण्ण. अंगठा दाबला. काच ढिम्म. तिनं वहीत 'अख्खी' लिहिलं, ओव्हरसियरनं सही केली, अभिनंदन असं काहीतरी पुटपुटला, आणि तळमजल्यावरच्या बंद दाराकडे नजर जाताच घाईघाईनं निघून गेला.

मी तिथंच उभा. भिंत हलली नव्हती. म्हणजे तेव्हाही हलली नसणार. ती दांडी, ते सोल्यूशन, पहाटेची ती गाडी, टेकडी, सगळं फुकट. इतके दिवस मावशीची शिडी धरत होतो, पाणी देत होतो, तिच्या सगळ्या प्रार्थना शेजारी उभं राहून ऐकत होतो, आणि आता माझाच बांध फुटला.

"मावशी, भिंत जागची हलली नाही! रोज मागत होतात तुम्ही, मी ऐकलंय. घरी ने, घरी ने. खरं बोललात, सगळं त्याच्यावर सोपवलंत. सहा दिवस गप्प बसला असतात तर काका आत्ता आत बसून माझी थट्टा करत असते. एवढा भरवसा ठेवलात तुम्ही देवावर, आणि त्यानं काय दिलं हो तुम्हाला?"

मावशीनं हिरकणी पिशवीत ठेवली, पिशवीची नाडी ओढली आणि माझ्याकडे वळून म्हणाली,

"भरवसा ठेवला होता मास्तर, ऑर्डर नव्हती दिली."